पदराआडचा उंचवटा

“बंदूकवाल्यांनी तुमच्याकडं पाठवलंय,” असं म्हणत बाईंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि दुकानात आल्या.

चांभाराच्या दुकानात चपला काढून कोणी येत नाही. मी रापी खाली ठेवली आणि उठून उभा राहिलो. बाई पस्तिशीच्या असतील. साधी सुती साडी, मोकळं कपाळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला परवाना. त्यांच्या मागं पन्नाशीचा एक धिप्पाड गडी होता, डोक्याला पटका, बोटात जीपची किल्ली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

“परवाना झालाय. आता हत्यार घ्यायचं,” बाई म्हणाल्या. “पण इनामदार म्हणतात, साडीवर काय बसतं ते आधी लोकऱ्यांना विचारा. कव्हर ठरलं की मग हत्यार ठरवू.”

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मिरजेत इनामदारांचं बंदुकीचं दुकान आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत होती. माझे वडील चपला करायचे. मी इनामदारांच्या शेजारामुळं कव्हरांच्या धंद्यात पडलो. रिव्हॉल्व्हरची कव्हरं, काडतुसांचे पट्टे, बंदुकांच्या म्यानी. इकडं जतपर्यंत ज्याच्या कमरेला परवान्याचं हत्यार होतं, त्याच्या कमरेला माझं कातडं होतं. बिल्डर, सराफ, कारखान्याचे संचालक, सगळ्यांच्या पोटांची मापं मला तोंडपाठ होती आणि दर वर्षी ती मला वाढवावी लागत. पण पंधरा वर्षांत या कामासाठी एकही बाई दुकानाची पायरी चढली नव्हती.

“कुणापासून धोका हाय?” मी विचारलं. उगाच भोचकपणा म्हणून नव्हे, आमच्या कामात हे विचारावंच लागतं. ज्याला मिरवायचं असतं त्याचं कव्हर वेगळं आणि ज्याला जगायचं असतं त्याचं वेगळं.

“मी सुलक्षणा यमगर. बोरजाईची सरपंच. गेल्या साली आमच्या मालकांना वाळूच्या टिपरनं उडवलं. कागदावर अपघात आहे.” हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. “आता नदीवर मी जाते. टिपर अडवते आणि तहसील कचेरीत फोन करते. त्यांचा माणूस यायला दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ मला एकटीला उभं राहायचं असतं. त्या दोन तासांपुरतं पाहिजे.”

“एकली कशी? मी हाय की,” बाहेरून तो गडी मान न वळवता म्हणाला.

“हे बिरूदा. मालकांचे जोडीदार,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा हसल्या. “जीप चालवतात. आणि मधे मधे बोलतात.”

मी माझ्या बायकोला, हौसाला, हाक मारली. आमचं घर दुकानाच्या मागंच, मधे एक पडदा. बाईमाणसाच्या कमरेचं माप मी कसं घेणार? आम्ही सगळे इनामदारांच्या दुकानात गेलो.

इनामदारांनी काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर दोन हत्यारं ठेवली. दोन्ही बत्तीस बोअरची, एक पिस्तूल आणि एक रिव्हॉल्व्हर. “पिस्तूल चपटं आहे, पदराखाली दिसायचंसुद्धा नाही,” ते म्हणाले. “गोळ्याही जास्त बसतात. हल्ली सगळे हेच मागतात.”

सुलक्षणाताईंनी पिस्तूल उचललं. वरचा पोलादी पत्रा मागं ओढून सोडायचा असतो, तेव्हा गोळी वर येते. त्यांनी एकदा ओढून पाहिला, तो अर्ध्यातच अडला. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा ओठ दाताखाली धरावा लागला.

“घाबरल्यावर हे जमणार नाही,” त्या म्हणाल्या.

“गोळी आधीच वर आणून ठेवायची, मग ओढावं लागत नाही,” इनामदार म्हणाले.

“म्हणजे दिवसभर भरलेलं पोटाशी घेऊन हिंडायचं? जीपमधनं, त्या रस्त्यानं?”

मग त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं. चक्री फिरवून पाहिली, बंद केली. डोळे मिटून ते मुठीत धरलं, खाली ठेवलं, पुन्हा डोळे मिटूनच उचललं. “यात लक्षात ठेवायचं काय असतं?”

“काही नाही. चाप ओढायचा,” इनामदार म्हणाले.

“मग हेच.”

“ताई, ही चक्री जाड आहे,” मी म्हणालो. “कितीही पातळ कातडं लावलं तरी साडीत उंचवटा येणार. लपायचं न्हाई.”

“लपवायचं कुणाला आहे? पण उघडंही नको. उघडं दिसलं की दुसऱ्या दिवशी अर्ज जाईल, सरपंचबाई हत्यार दाखवून दहशत करतात म्हणून. पदराआड असू दे. फक्त पदर वर आलेला दिसला पाहिजे. ज्याला कळायचं त्याला कळेल.”

इतकी वर्षं मी एवढाल्या बाप्यांची कव्हरं केली, पण आपल्याला नेमकं काय हवं आहे हे दोन वाक्यांत सांगणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. मला बाईंचा आदर वाटला आणि जरा भीतीही वाटली. भीती त्यांच्यासाठी वाटली.

कव्हराचं डोकं मात्र हौसाचं. मी आपला डाव्या कुशीवर खडूनं खूण करायला सांगत होतो, उजवा हात पदराखालून सरळ तिथं जाईल असा माझा हिशेब. हौसा म्हणाली, “अवो, बाईमाणूस भांडायला उठलं की आधी काय करतं?”

“काय करतं?”

“पदर खोचतं. आन कुठं खोचतं? तुम्ही म्हणतासा तिथंच. मग हत्यार काढायचं कसं, पदर सोडवत बसून?”

ताईंनी उभ्या उभ्या पदर खोचून पाहिला आणि दोघी हसल्या. मग जागा चार बोटं पुढं आली, मूठ उजवीकडं कललेली. परकराची नाडी काही तेवढं वजन धरणार नव्हती, म्हणून कमरपट्ट्यासारखा साडीवरून बांधायचा रुंद पट्टा काढला. वर झाकण नको, नुसती कातड्याची एक वादी आणि टिचबटण, अंगठ्यानं उघडेल असं.

“लग्नात कमरपट्टा घालतो म्हणाले होते मालक. राहिला तो राहिलाच,” ताई म्हणाल्या. “आता मिळाला बघा, बिरूदा.”

बिरूदा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

हत्यार माझ्याकडं ठेवून घेता येत नाही, कायदा आहे. म्हणून मी दर हत्याराचा लाकडी फर्मा करत असे, चांभार पायाचा करतो तसा. इनामदारांच्या दुकानात बसून मापं घ्यायची, बाभळीच्या लाकडात मूठ, चक्री, नळी सगळं कोरायचं, आणि ओलं कातडं त्या फर्म्यावर ताणून वाळवायचं. माझ्या फळीवर असे तीसेक फर्मे ओळीनं मांडलेले असत. लोकांना माझं कव्हर दिसे, पण माझी खरी कारागिरी त्या फळीवर होती आणि ती कोणी बघत नाही याची मला आतून खंत होती. ही खंत मी कोणाला बोलून दाखवली नव्हती, हौसालासुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी ताई पट्टा घेऊन गेल्या. संक्रांतीनंतर पेढे घेऊन आल्या. नदीवर चार टिपर उभे होते, ताई जीपमधून उतरल्या, पदर खोचला आणि पाण्यापर्यंत चालत गेल्या. ड्रायव्हरांनी एकमेकांकडं बघितलं आणि गाड्या वळवल्या. “बटनाला हातसुद्धा लावला नाही, लोकरेभाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमच्या उंचवट्यानंच काम केलं.”

महिनाभर मी हे वाक्य उराशी धरून हिंडत होतो.

मार्चात लोकसभेची निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत न्यायची, हा आमच्याकडचा दरवेळचा शिरस्ता. इनामदारांकडं तेव्हा चिटपाखरूही फिरकत नाही आणि माझ्याकडं मात्र गर्दी. हत्यार ठाण्यात गेलं की रिकामं कव्हर दुरुस्तीला टाकायची हीच वेळ.

ताई आल्या त्या ठाण्याची पावती हातात घेऊनच. “सूट मागितली होती. अर्ज वर गेलाय म्हणाले. निकालापर्यंत खाली येईल.” त्या बाकावर बसल्या. “परवान्याची सगळी जमा झाली. बिनपरवान्याची कुठं जमा होतात, लोकरेभाऊ?”

मी पावती घेऊन वाचली आणि परत दिली.

“दोन महिने नदीवर जाऊ नका,” मी म्हणालो.

“दोन महिन्यांत नदी राहायची नाही.” त्या बोलता बोलता फळीकडं बघत होत्या. मग उठल्या, ओळीतून बरोबर आपला फर्मा काढला आणि कमरेच्या रिकाम्या कव्हरात घातला. तो त्याच कव्हराचा फर्मा, बसला तो घट्ट बसला. पदर सारखा करून त्या हौसापुढं उभ्या राहिल्या. “वहिनी, काय दिसतंय?”

“दिसतंय ते तेच दिसतंय,” हौसा म्हणाली. “पन ताई, लाकडाच्या जिवावर कुठं जातासा?”

“आजवर तरी कुठं लोखंडाच्या जिवावर गेले? उंचवट्याच्याच जिवावर गेले.”

मी नको म्हणायला हवं होतं. सुरुवातीला म्हणालोही. पण ताईंनी फर्मा हातात घेऊन त्याची मूठ निरखली आणि “किती हुबेहूब केलंय हो,” म्हणाल्या, आणि माझा विरोध तिथंच संपला. मी म्हणालो, “हे असं नको. हलकं आहे, चालताना डुलेल. उद्या या.” रात्रीतून नव्हे, भर दुपारी दार ओढून घेऊन मी ते काम केलं. पोटात भोक पाडून शिसं ओतलं, वजन ग्रॅमात जुळवलं. मुठीवर बारीक रेघा कोरल्या, काळं पॉलिश चढवून घासलं. हातभर अंतरावरून इनामदारही फसले असते.

दुसऱ्या दिवशी ताई आणि बिरूदा ते न्यायला आले. बिरूदानं ते हातात तोलून पाहिलं आणि कपाळाला लावलं.

“हे आपल्या चौघांत राहू दे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही दोघं, मी आणि बिरूदा. पाचव्या कानाला कळलं की मी मेले.”

“ताई, आमचा धंदाच तोंड मिटून करायचा आहे,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. कोणाकडं काय आहे, कोण कुठं बांधतो, हे मी तोवर कधीच कुठं बोललो नव्हतो.

लाकूड घेऊन त्या दोनदा नदीवर गेल्या आणि दोन्ही वेळा टिपर वळले.

एप्रिलच्या सुरुवातीला खराडे नावाचा एक ठेकेदार वादी तुटली म्हणून कव्हर घेऊन आला. बोलका माणूस. पांढरे बूट, हातात चहाचा ग्लास, बसला बाकावर. रिकामं कव्हर बोटावर फिरवत म्हणाला, “काय लोकरे, तुमचा धंदा म्हंजे टरफलाचा. आतला दाणा दुसऱ्याचा. दाणा ठाण्यात गेला की हे नुसतं पायताण.”

“असं कसं म्हणतासा?” मी म्हणालो.

“मग काय? हत्यार करनारा कारागीर. तुम्ही आपले चांभार. राग नका धरू, पन खरं ते खरं.”

हसत बोलला. असलं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो आणि हसण्यावारी नेत आलो होतो. त्या दिवशी का नेलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही. ताईंचं ते ‘किती हुबेहूब’ अजून कानात होतं, एवढं खरं. मी फळीवरचा एक फर्मा काढून त्याच्या हातात दिला. “हे बघा. हे कोण करून दाखवतंय ते सांगा.”

त्यानं फिरवून बघितला. “लाकूडच की.”

“हे कच्चं आहे. यात शिसं भरलं, रंग चढवला, की हत्याराची गरज नाही. एकीच्या कमरेला आज दिलंय मी तसं. निवडणूक आहे, हत्यार ठाण्यात, तरी माणसं बघून मागं सरतात. आता बोला, दाणा कुणाचा?”

खराड्यानं ग्लास खाली ठेवला. “एकीच्या?” म्हणाला. मग हसला. “मानलं बुवा तुम्हाला.”

पाठ थोपटून गेला. मी खुशीत होतो. पडदा हलला, हौसा चहाचा ग्लास उचलायला बाहेर आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

“नाव न्हाई घेतलं मी,” मी म्हणालो.

“जिल्ह्यात कव्हर बांधनाऱ्या बायका किती हायत?” तिनं विचारलं आणि ग्लास घेऊन आत गेली.

खराड्याच्या मेहुण्याचे दोन टिपर बोरजाईच्या नदीत चालत होते, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी एवढंच करू शकत होतो की ताईंना निरोप द्यायचा, लाकूड काढून ठेवा म्हणून. फोन शेजारी इनामदारांकडं होता. पण निरोप द्यायचा तर का, तेही सांगावं लागलं असतं. आज करू, उद्या करू, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पेपरात आलं.

सकाळी दहाची वेळ. ताई जीपमधून उतरून नेहमीप्रमाणं पदर खोचून गेल्या. त्या दिवशी गाड्या वळल्या नाहीत. सहा जण होते. त्यातला एक पुढं आला आणि म्हणाला, “सरपंचबाई, चुलीतलं लाकूड कमरंला कशाला बांधलंय?” बाकीचे हसले. बिरूदा जीपमधून धावला, तर दोघांनी त्याला तिथंच खाली दाबून धरलं. ताईंचा उजवा हात पदराकडं गेला, सवयीनं गेला असावा, आणि त्या हातावर फावड्याचे दांडे पडले. कोपर फुटलं, मनगट तीन जागी मोडलं. मारायचंच असतं तर मारलं असतं. त्यांना फक्त ताईंचा हात पाहिजे होता.

मी दवाखान्यात गेलो नाही. कामाची गर्दी आहे असं हौसाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

निकाल लागला, हत्यारं ठाण्यातून परत आली आणि मेच्या शेवटी ताई दुकानात आल्या. भावाच्या गाडीतून आल्या होत्या. उजवा हात वाळल्या फांदीसारखा गळ्यात अडकवलेला, बोटं मिटत नव्हती. चपला त्यांनी तेव्हाही बाहेरच काढल्या.

“डाव्या हाताचं करून द्यायचं,” त्या म्हणाल्या. “मूठ डावीकडं.”

हौसानं माप घेतलं. तिचं माप दोनदा चुकलं, ताईंना वाटलं आपला हात बघूनच.

“बिरूदा न्हाईत आज?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“बिरूदाला कामावरून काढलं मी.” ताई बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाल्या. “चौघांत होतं ते पाचव्याला कळलं. माझ्या तोंडून गेलं नाही. तुमच्यावर संशय घ्यायचा तर मी देवावरही घेईन. राहिला कोण? त्याचा पुतण्या त्यांच्याच टिपरवर आहे, मला उशिरा कळलं. पंचवीस वर्षं मालकांच्या ताटात जेवलेला माणूस.” त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. “हाताचं काही नाही, लोकरेभाऊ. हात मोडतो. पण हे मला सोसत नाही.”

तोंडाशी आलं होतं माझ्या, अगदी जिभेच्या टोकाशी. मी म्हणणारच होतो, आणि दारात बिरूदा उभा राहिला.

एस्टीनं आला होता, ताईंच्या मागावर. दीड महिन्यात निम्मा झाला होता. हातात कागदाची पुडी. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि पुडी उंबऱ्यावर उलगडली. आत भंडारा होता. बिरोबाच्या देवळातली हळद.

“ताई, मी देवापुढं उचललाय,” तो म्हणाला. “बोललो असंन तर जीभ झडू दे म्हनून उचललाय. तुमचा इस्वास न्हाई. बरं. मग एक करा. तुम्ही बोलला न्हाईसा, मी बोललो न्हाई. मग ह्या कारागिरानं उचलावा. त्येनं उचलला की मी पुन्हा तोंड दाखवनार न्हाई.”

“लाज वाटत नाही?” ताई उसळल्या. “स्वतःचं झाकायला यांच्यावर येतोस? लोकरेभाऊ, अजिबात उचलू नका. तुमच्या शपथेची मला गरज नाही.”

म्हणजे मला सुटका होती. ताईंनीच दिली होती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी भागलं असतं, आणि खरं बोललो असतो तर बिरूदाला त्याचं सगळं परत मिळालं असतं. माझं काय गेलं असतं? दुकान. नाव. ‘लोकऱ्यांच्या पोटात काही राहत नाही’ असं एकदा झालं, की कमरेचं माप द्यायला माझ्याकडं कोण येणार होतं? हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि त्याच क्षणी हेही आलं की मी नाव कुठं घेतलं होतं? नाव घेतलंच नव्हतं.

मी उठलो, उंबऱ्याशी गुडघे टेकले आणि मूठभर भंडारा उचलला.

“ताईंचं नाव माझ्या तोंडून कुठं गेलं असेल तर माझा वंश बुडू दे,” मी म्हणालो.

शब्द किती जपून निवडले होते मी. पडद्यामागं हौसा होती, तिला ते कळले असतील. बाकी कोणाला कळायचं कारण नव्हतं.

बिरूदा माझ्या मुठीकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा शिव्या देईल, अंगावर येईल. मी त्याची तयारी ठेवली होती. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो काहीतरी आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, लहान पोर गणित करतं तसा.

“भंडारा खोटा उचलायचा न्हाई कोन,” तो हळूच म्हणाला. “मग मीच.”

“काय?” ताई म्हणाल्या.

“मग मीच असंन, ताई. जत्रंत घेतली हुती थोडी. पुतण्या संगं हुता. काय बोललो ते आठवत न्हाई. मी शुद्धीवर असताना बोललो न्हाई एवढं ठावं. पन आता ह्येंनी उचललाय म्हंजे…” त्यानं उंबऱ्यावर डोकं टेकलं. “ताई, तुमचा हात माझ्यामुळं गेला.”

तो उठला आणि गेला. ताई बाकावर बसून रडत होत्या, आणि त्यांना पाणी देताना मी म्हणालो, “जाऊ द्या ताई, चुकतं माणसाचं.” हे मी म्हणालो.

त्या गेल्यावर हौसा बाहेर आली. माझ्या पिवळ्या तळव्याकडं तिनं बघितलं. “हात धुवा,” म्हणाली, “जेवायला वाढते.” त्याउपर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि दुकानात कोणी बाई माप द्यायला आली तरी ती पडद्याबाहेर आली नाही.

डाव्या हाताचं कव्हर मी करून दिलं, पण ताई पुन्हा नदीवर गेल्या नाहीत. बिरूदाशिवाय त्या जीपमध्ये बसायला त्यांचं मन घेईना, असं त्यांच्या भावानं सांगितलं. पुढची दोन वर्षं टिपर बिनधास्त चालले. बोरजाईच्या नदीत आता नुसता खडक आहे.

खोटा भंडारा उचलला की वंश बुडतो म्हणतात. मी बरीच वर्षं वाट बघितली. थोरल्याला नोकरी लागली, धाकट्यानं दुकान वाढवलं, नातवंडं झाली. दिवाळीला ताईंकडून फराळाचा डबा येतो, अजूनही.

बिरूदा पुढं सात वर्षं जगला. दारू त्यानं त्या दिवसापासून सोडली. गावात कोणी नवीन माणूस भेटला की तो स्वतःहून सांगायचा, ताईंचा हात माझ्या तोंडानं गेला. शेवटच्या आजारात ताई त्याला भेटायला गेल्या, तेव्हा त्यानं माफी मागितली आणि ताईंनी ती दिली. हे ताईंनीच मला दुकानात येऊन सांगितलं. माझ्या फळीखाली त्याच बाकावर बसून सांगितलं, आणि मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.